कोऱ्या फेरीतला श्वास

१

मावशीचं कुणी खरं मानलं नाही. मॅडमनी नाही, प्राचार्यांनी नाही, कानाच्या डॉक्टरने तर नाहीच नाही. सख्खी बहीण फोनवर म्हणाली, "ताई, तू जरा झोप घे." खोटं बोलतेस असं तोंडावर कुणी म्हणालं नाही; तुला कळत नाही, एवढंच सगळे म्हणाले. तेच तिला झोंबलं. खोटारडी म्हटलं असतं तर तिने चार शब्द सुनावले तरी असते. भांडणात ती आजवर कुणाला हटली नव्हती. पण "मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही" याच्यावर चौथी शिकलेल्या बाईने काय बोलावं? आणि यातलं म्हणजे कशातलं, ते त्यांना तरी कुठे सांगता येत होतं!

कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात ती अकरा वर्षं झाडलोट करत होती. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला प्रयोगशाळा. माणसाला किती दिसतं, किती ऐकू येतं, किती टोचतं हे तिथे मोजायचे. एका फळीवर सारख्या दिसणाऱ्या, पण वजनाला कमीजास्त अशा डब्या. डोळ्यांवर पट्टी बांधून पाठीला दोन टोकं टेकवायची आणि विचारायचं, एक की दोन? भिंतीवर दोन रेघांचा तक्ता होता. रेघा सारख्याच, पण वरची लांब दिसायची. मावशीने एकदा झाडूची काडी मोडून दोन्ही मोजल्या आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या चष्मेवाल्याला विचारलं, "डोळे फसतात एवढं सांगायला तीन वर्षं लागतात होय तुम्हाला?"

चष्मेवाला तिच्याहून चार वर्षांनी मोठा, पण सगळ्यांसारखा तोही तिला मावशीच म्हणायचा. "मावशी, तुम्ही एका काडीत पदवी घेतलीत," तो म्हणाला.

प्रयोगशाळेच्या पोटात आणखी एक खोली होती. कागदोपत्री तिचं नाव काय होतं देव जाणे. मावशी मुकी खोली म्हणायची आणि तिचं ऐकून सगळेच म्हणू लागले. वीतभर जाडीचं दार. भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या अंगालाही करड्या स्पंजची टोकंच टोकं. मधोमध खुर्ची, हेडफोन, हातात धरायचं बटण, समोर मिरीएवढा लाल दिवा आणि एक काचेची खिडकी. वारा नाही, पंखा नाही.

रोज सकाळी सातला ती मऊ ब्रशने त्या टोकांमधली धूळ काढायची. इतर खोल्या झाडताना तिचं तोंड चालूच असायचं. पंख्याला शिव्या, पोरांना शिव्या, स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या. मुक्या खोलीत मात्र चिडीचूप. तिथे बोललेला शब्द ओठांच्या पुढे जातच नसे. गिळलेला घास परत तोंडात यावा तसं व्हायचं. साडेसातला कुलूप, आणि चावी कमरेला. दहाला ती चष्मेवाल्याकडे द्यायची, पाचला परत घ्यायची.

२

मावशीची धाकटी त्याच विभागात दुसऱ्या वर्षाला होती. थोरली लग्न होऊन गेली होती, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात मायलेकी दोघीच. आई जिथली लादी पुसते तिथेच लेक शिकते, याची लाज ना हिला ना तिला. पायऱ्या पुसताना मावशी सगळ्यांदेखत ओरडायची, "ओल्यावरून जाऊ नकोस गं भवाने, मॅडम झालीस तरी तंगडी मोडेलच!" पोरं हसायची आणि धाकटी सगळ्यांत मोठ्याने हसायची.

त्या वर्षी तिला डोळे, कान, कातडी जे आणून देतात त्याचं मन काय करतं, असा काहीसा विषय होता. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने आईला मुक्या खोलीतला प्रयोग समजावून सांगितला.

"दिवा लागतो. मग बीप वाजतो. ऐकू आला की बटण दाबायचं."

"बस्स? एवढ्यासाठी खुर्ची, खोली, दार?"

"अगं, आवाज कमी कमी करत नेतात. शेवटी शेजारच्या इमारतीत डास गुणगुणतोय इतका. आणि मधूनच कोरी फेरी असते. दिवा लागतो, पण मशीन काहीच वाजवत नाही. तेव्हा कुणी दाबलं तर लाल फुली. त्याला फसवा होकार म्हणतात."

"म्हणजे पोरांना पकडायचा सापळा."

"सापळाच. फुल्या जास्त झाल्या की अख्खा कागद बाद."

"तुला किती पडल्या?"

"एक पण नाही!" धाकटीने शेंग मोडून टोपलीत टाकली. "मॅडम म्हणाल्या, असे कान त्यांनी वीस वर्षांत पाहिले नाहीत. मला रोज बसायला सांगितलंय, त्यांच्या संशोधनासाठी. ते छापून येईल त्यात माझंही नाव असणार."

मावशीला गहिवरून आलं, पण ते दाखवायची तिची पद्धत नव्हती. ती म्हणाली, "कान माझ्यावर गेलेत. तुझ्या बापाच्या डोक्यात भांडं पडलं तरी त्याला ऐकू जात नव्हतं."

३

बाद कागद मावशीच्या केराच्या टोपलीत यायचे. पाठची बाजू कोरी असायची म्हणून ती ते धाकटीच्या कच्च्या कामाला घरी न्यायची. पुढच्या बाजूकडे तिने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. महिनाभराने एकदा गठ्ठा हातातून निसटला, लादीभर पसरला, आणि गोळा करताना तिची नजर खालच्या ओळीवर गेली.

तिथे छापील प्रश्न होता: वेगळं काही जाणवलं का?

मावशी बोट ठेवून वाचते. एकाने लिहिलं होतं, भूक लागली. एकीने लिहिलं होतं, खुर्ची टोचते. पुढच्या कागदावर होतं: कुणीतरी श्वास घेतला. त्याच्या पुढच्यावर, वेगळ्या अक्षरात: शेजारी श्वास आत घेतल्यासारखा आवाज. मग नुसतंच: श्वास, सोडला नाही. आणि एका मुलीने दोनदा खोडून शेवटी लिहिलं होतं: ओळखीचं वाटलं.

लादीवर बसून तिने सगळे मोजले. चौदांतले अकरा.

पोरं एकमेकांचं बघून लिहितात हे तिला ठाऊक होतं. पण इथे तर एकेकटी बसतात. बाहेर येऊन गप्पा मारत असतील, एकाने सांगितलं की दुसऱ्याला तेच वाटत असेल. असेल. तिने स्वतःला तसं दोनदा बजावलं आणि तरी ते कागद घेऊन चष्मेवाल्यापुढे उभी राहिली.

"अहो, तुमच्या मशीनमधून वारा येतो का?"

त्याने कागद चाळले. "हे होय! काहीच ऐकू येत नसलं ना मावशी, की कान आपलाच आवाज ऐकतो. रक्त वाहतं, छाती वरखाली होते. पोरांना वाटतं दुसरंच कुणी आहे."

"आपलाच श्वास आहे तर सोडलेला का नाही ऐकू येत? सगळ्यांनी आत घेतलेलाच लिहिलाय. आत घेऊन कुणी थांबतं का?"

"तेच तर, कोण थांबेल?"

"थांबतो की," मावशी म्हणाली. "बोलायच्या आधी."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उगाच म्हणाला, "चहा घेणार का?" आपण हे बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं तिला पायऱ्या उतरताना वाटत राहिलं.

४

घरी ती तीनदा हाक मारायची तेव्हा कुठे धाकटी वळायची. आधी मावशीला वाटलं, पोरीला शिंगं फुटली. कॉलेजात कौतुक होतंय, आता आईचं कशाला ऐकेल? तिने आदळआपट केली, टोमणे मारले. धाकटी आपली वहीत डोकं घालून बसलेली.

मग तिच्या ध्यानात आलं की पोरगी कुकरच्या शिट्ट्या बरोबर मोजते, पण "गॅस बंद कर" म्हटलेलं तिला ऐकू येत नाही. वरच्या घरातला नळ टिपकतोय हे ती सांगते, खालच्या मजल्यावर कुणाचा फोन थरथरतोय तेही सांगते. मावशीने एकदा तिच्या मागे उभं राहून चमचा टाकला. धाकटी गर्रकन वळली. परत पाठ फिरल्यावर मावशीने पोटातून श्वास घेऊन तिला हाक मारली, भांड्यांच्या फळीला हादरा बसेल अशी. मुलीच्या मानेवरची बटसुद्धा हलली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा दचकून म्हणाली, "अगं आई! कधी आलीस?"

कानाच्या डॉक्टरने दोन्ही कान तपासले. म्हणाला, कुत्र्याला हेवा वाटावा असे कान आहेत. "या वयात पोरांना आईचंच तेवढं ऐकू येत नाही, बाई. यावर औषध निघालेलं नाही."

"तुमच्या आईला विचारून बघते," असं म्हणून मावशी उठली.

त्या संध्याकाळी ती लेकीच्या अगदी समोर बसली. आताशा धाकटी तिच्या ओठांकडे बघून समजून घ्यायची.

"आज फुल्या किती?"

"सगळ्या कोऱ्या फेऱ्यांत." मुलीच्या आवाजात लाज नव्हती. "मॅडमना वाटतं मी दमले. पण तिथे कुणीतरी आहे आई. आधी नुसता श्वास घ्यायचं. आता ओठ उघडल्याचंही ऐकू येतं. चिकटलेले ओठ सुटतात ना, तेवढंच. आता बोलेलच."

"कोण बोलेल?"

"म्हणून तर जायचं ना."

"जायचं नाही! उद्यापासून त्या खोलीत पाऊल टाकलंस तर तंगडं तोडीन."

धाकटी हसून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "काय म्हणालीस? हळू बोल ना, ओठ कळत नाहीत."

मावशीने बावीस वर्षांत दोन पोरींना वाढवलं ते नुसत्या आवाजावर. मारायची वेळ कधी आलीच नाही, हाक पुरायची. जी हाक पोचतच नाही ती घेऊन आता करायचं काय, हे तिला कळेना.

५

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमचं दार न ठोठावताच उघडलं.

"मॅडम, ते मशीन बंद करा. माझी पोर बहिरी होतेय."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं. "मावशी, तिच्या कानांना काहीही झालेलं नाही. दिवसभर अगदी बारीक आवाजाची वाट बघितली की मन मोठ्या आवाजांना बाजूला सारतं. महिनाभर विश्रांती दिली की येईल ठिकाणावर."

"आणि तो श्वास?"

"कोऱ्या फेरीत हो म्हणणं ही चूक असते. चुका आम्ही वेगळ्या काढतो."

"वेगळ्या काढता म्हणजे माझ्या टोपलीत टाकता! मी वाचलंय सगळं. अकरा जणांची चूक एकसारखी कशी हो? माझ्या पोरी शाळेत असताना चुका करायच्या त्यासुद्धा दोघींच्या दोन तऱ्हेच्या."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी ते कागद कधी वाचलेच नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बाद म्हणजे बाद. त्यावर पोरांनी काय लिहिलंय ते कोण बघत बसतो? मग त्या म्हणाल्या, "असं करू. तिला शेवटचं एकदाच बसवू. मशीनची वायर काढून. नुसता दिवा लागेल, त्याची वायर वेगळी आहे. पन्नासच्या पन्नास फेऱ्या कोऱ्या. तुम्ही माझ्याजवळ उभ्या राहा. काही नसताना आपण बटण दाबतो हे तिला एकदा दिसलं की ती स्वतःच सोडून देईल."

पोरीला परत त्या दाराआड पाठवायचं हे मावशीच्या जिवावर आलं. पण तिचा सगळा राग होता त्या मशीनवर. वायर निघणार म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. जे वाजतच नाही ते पोरीचं काय वाकडं करणार?

"वायर मी काढणार," ती म्हणाली. "माझ्या हाताने."

६

अकराच्या सुमाराला धाकटी आत जाऊन बसली. काचेतून तिने हात हलवला. चष्मेवाल्याने दार लावलं. मावशीने वायर भिंतीतून उपटली आणि हाताला गुंडाळून ठेवली.

दिवा लागला. धाकटीने बटण दाबलं.

मॅडमनी लाल फुली काढली. "पाहिलंत?" त्या हळूच म्हणाल्या. दुसरा दिवा, दुसरं बटण. तिसरं. दहा फुल्या झाल्या, वीस झाल्या. मॅडम आता पाहिलंत म्हणेनाशा झाल्या. चष्मेवाला दोनदा जाऊन भिंतीतलं भोक बघून आला. मुलगी चाचपडत नव्हती, अंदाज घेत नव्हती. कुणी नीट विचारावं आणि आपण उत्तर द्यावं तशी दाबत होती.

चौतिसाव्या दिव्याला तिने दाबलं नाही. मावशीला वाटलं, सुटलो. मग धाकटीने बटण मांडीवर ठेवलं. हेडफोन काढला. उजव्या कानावरचे केस मागे सारले आणि मान तिकडे कलती केली. गोंगाटात शेजारीण काही सांगायला लागली की आपण करतो तशी.

तिचे ओठ हलले.

मॅडमनी आतल्या माइकचा स्पीकर लावला. खरखर झाली आणि धाकटीचा आवाज आला. "हो." मग काही नाही. मग, "हो, कळलं." मग पुन्हा काही नाही. "नाही, नाही उठत."

दोन "हो"मधलं अंतर एका वाक्याएवढं होतं. कधी लांब वाक्य, कधी आखूड.

मावशीने दार ओढलं. ते दार दोन हातांनी हळूहळू उघडायचं. तिने एका हिसक्यात उघडलं, खांद्यातून कळ गेली. आत पाय टाकून तिने लेकीला हाक मारली. हाक ओठांपुढे गेली नाही. धाकटीने बघितलंसुद्धा नाही. तिच्या उजव्या कानाजवळची एक बट जराशी हलली आणि खाली बसली. आत वारा नाही. पंखा नाही.

उजव्या भिंतीवर, खुर्चीलगत, स्पंजची टोकं चेपलेली होती. माणूस टेकून उभा राहिला तर खांद्यापासून कमरेपर्यंत चेपतील तेवढीच. मावशी बघत असताना ती एकेक करून परत उभी राहायला लागली. सावकाश. सकाळी तिनेच ब्रश फिरवला होता; तेव्हा सगळी टोकं ताठ होती.

आणि मग तिच्या स्वतःच्या कानाशी कुणीतरी श्वास आत घेतला.

नुसता आत. तो श्वास तिला ओळखीचा वाटला. कुणाचा, ते तिने त्या दिवशी मनातसुद्धा म्हटलं नाही. तिने पोरीला काखेत धरून ओढत, फरफटत बाहेर काढलं.

७

धाकटीला आता माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. गाडी, कावळा, दाराची कडी, सगळं ऐकू येतं. माणूस तेवढा नाही. ओठांकडे बघायचंही तिने सोडलं. रडत नाही, चिडत नाही. बसल्या बसल्या मधेच मान उजवीकडे करते आणि म्हणते, "हो."

मुकी खोली बंद केली. प्राचार्यांनी तिघांची समिती नेमली. मावशीने खोलीत, स्पंजवर, कानाशी काय काय झालं ते सगळं सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यातलं काहीच लिहून घेतलं नाही. मॅडमनी मान खाली घालून सांगितलं की स्पीकरमधून फक्त मुलीचा आवाज आला. बाकी त्यांना काही दिसलं नाही. चष्मेवाला म्हणाला, तो भिंतीकडे बघत होता.

"ते श्वासबिस राहू द्या," मावशी टेबलावर हात आपटून म्हणाली. "भूत म्हणा, भास म्हणा, तुमच्या पुस्तकात असेल ते म्हणा. पण माझ्या पोरीचं वाटोळं झालंय आणि ते कुणाच्या तरी नावावर लागलं पाहिजे. मला नाव हवंय. वर आकाशातून झालं असं लिहून दिलंत तर मी इथून हलणार नाही."

"नाव मुलगीच सांगेल," अध्यक्ष म्हणाल्या. पिकल्या केसांच्या शांत बाई होत्या त्या. "त्याआधी एक सांगा. त्या खोलीची चावी तुमच्याकडे असते?"

"पाच ते दहा माझ्याकडे. आत ब्रश फिरवायला."

"प्रयोग चालू असताना तुम्ही कधी आत जात होता? मुलीशी बोलायला?"

"त्या शेवटच्या दिवसाआधी एकदाही नाही! अहो, मी त्या खोलीत तोंडसुद्धा उघडत नाही."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि एक कागद धाकटीपुढे सरकवला. त्यावर ठळक अक्षरात प्रश्न लिहिला होता: बटण दाबत राहा, उठू नकोस, इतर कुणाचं ऐकू नकोस, असं तुला आत कोण सांगत होतं?

मावशी मॅडमकडे टक लावून बसली होती. लिही, तिने मनातल्या मनात लेकीला म्हटलं, घाबरू नकोस, लिही.

धाकटीने प्रश्न वाचला. तिने मान उजवीकडे कलती केली. तिकडे मोकळी खुर्ची होती. ती थोडा वेळ तशीच राहिली, मग मान हलवली आणि लिहिलं. लिहायला काहीच वेळ लागला नाही.

अध्यक्षांनी वाचलं. बाजूच्या दोघांना दाखवलं. मग त्यांनी मावशीकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात आता "तुम्हाला कळत नाही" असं नव्हतं. वेगळंच काही होतं.

"मघाशी काय म्हणालात तुम्ही?" त्यांनी विचारलं. "एकदाही आत गेला नाहीत?"

त्यांनी कागद फिरवून तिच्यापुढे ठेवला. मावशीने सवयीने बोट टेकवलं. बोट पुढे न्यायची गरजच पडली नाही. पहिलीतल्या पोरालाही वाचता येईल असा एकच शब्द होता.

आई.